दोन शिलाया उसवण्याआधी

"काकी, ब्लाउज घट्ट होतोय, दोन शिलाया उसवून द्या ना." लालबागला चाळीच्या तळमजल्यावर मी सत्तावीस वर्षं ब्लाउज शिवते आणि हे रोज ऐकते. म्हणूनच शिवताना आत अर्धा इंच कापड जास्त सोडते. त्या अर्ध्या इंचाची मला आता काळजी वाटते.

2019 मध्ये माझं बीपी 158/96 निघालं. घरी येऊन मी जुने कागद काढले. लग्नाच्या वर्षी, 1994 ला, दादर स्टेशनच्या वजनकाट्यात नाणं टाकून घेतलेलं पुठ्ठ्याचं तिकीट सापडलं: 46 किलो. 2019 ला होते 71. पंचवीस वर्षांत पंचवीस किलो, वर्षाला एक. एवढी वाढ कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. उलट "अंग भरलंय, छान दिसतेस" म्हणतात.

बीपीसाठी वजनाचा आजचा आकडा बघून भागत नाही, विशीनंतर किती वाढलो हेही बघावं लागतं. वजन वाढलं की जास्त रक्त फिरवावं लागतं, हृदयाचं काम वाढतं. पोटातली चरबी मूत्रपिंडांवर दाब आणते, मग ती मीठ-पाणी धरून ठेवतात. वर्षानुवर्षं असं चाललं की रक्तवाहिन्या कडक होतात. अजून "जाड" म्हणण्याजोगी नसलेली बाई विशीपासून बारा किलो वाढली असेल, तर तिचाही धोका वाढलेला असतो.

तेव्हा एक वही घ्या. वय, वजन, कमर, बीपी असे चार रकाने आखा आणि दर पाच-दहा वर्षांचे आकडे शोधा. बाळंतपणाची फाईल सर्वांत कामाची, कारण तिच्यात वजन आणि बीपी दोन्ही दर भेटीला लिहिलेलं असतं. गरोदरपणी बीपी वाढलं होतं का, हे मुद्दाम बघा. वाढलं असेल तर पुढे कायमचं बीपी लागण्याची शक्यता जास्त. कंपनीची तपासणी, विम्याची मेडिकल, तेही चालतं. काहीच नसेल तर त्या वयाचा ब्लाउज किंवा पँट काढून माप घ्या.

कमर मोजताना बहुतेकजणी चुकतात. परकराची नाडी पोटाखाली बांधतो, तिथलं माप कमरेचं नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका, टेप त्वचेला टेकेल पण रुतणार नाही एवढीच ठेवा. बायकांची 80 सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, आणि पुरुषांची 90 च्या पुढे गेली की सावध व्हायचं. वजनासाठी आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 23 पासून जास्त धरतात. पाच फूट उंचीच्या बाईला ते साधारण 53 किलो होतं.

बीपी घरी मोजता येतं, पण घाईत नको. गाडीतून उतरून तीन जिने चढून आल्यावरचा आकडा खोटा. लघवीला जाऊन या, त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको, पाठ टेकून पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, हात छातीच्या उंचीला टेबलावर. दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचा आकार मात्र नक्की बघा. दंडाचा घेर आम्ही शिलाईवाल्या रोज घेतो, तसाच घ्या, आणि पट्ट्यावर छापलेल्या घेरात तो बसतो का बघा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी उगाच जास्त दाखवतं. सकाळी दोनदा, रात्री दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. ती 135/85 किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरकडे जा.

वजन एक किलो उतरलं की वरचं बीपी साधारण एक पॉइंटने उतरतं. थोडं वाटेल, पण पाच-सहा किलोंना खरंच फरक पडतो. मी मशीनवरून दर तासाला उठून जिना चढले, संध्याकाळी अर्धा तास भरभर चालले, आणि जेवणातलं पापड-लोणचं, खारवलेली सुकी मासळी बाजूला केली. दिवसभराचं मीठ चहाच्या एका सपाट चमच्याहून थोडं कमी, पाच ग्रॅमच्या आत, त्यात फरसाण आणि वडापावच्या चटणीतलंही आलं. दीड वर्षात 71 चे 64 झाले. गोळी चालूच होती. तिची मात्रा डॉक्टरांनी कमी केली, मी नाही. वजन उतरलं म्हणून स्वतः गोळी बंद करू नका. आणि काही न करता वजन उतरू लागलं तर खूश होऊ नका, लगेच दाखवा. बारीक माणसालाही बीपी होतं, म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावं.

माझ्याकडे कुणी उसवायला ब्लाउज आणला की मी आधी जुन्या वहीतलं तिचं माप काढते, शेजारी आजचं लिहिते आणि दोन्ही तारखांसह कागदावर उतरवून तिच्या हातात देते. शिलाई नंतर उसवते.