ग्रीन कार्ड सांभाळून खानदेशात दीर्घ मुक्काम

आई-वडिलांच्या आजारपणासाठी किंवा केळीच्या बागेची व्यवस्था लावण्यासाठी अमेरिकेतून जळगाव-धुळ्याकडे येणाऱ्या ग्रीन कार्डधारकाचा मुक्काम वर्षापुढे जाण्याची शक्यता असेल, तर त्याने निघण्यापूर्वीच आय-१३१ हा अर्ज भरून पुनर्प्रवेश परवाना मागावा; कारण अर्ज दाखल करताना तो प्रत्यक्ष अमेरिकेत असावा लागतो, रावेरला पोहोचल्यावर उपयोग नाही. हा परवाना जास्तीत जास्त २ वर्षांचा असतो.

सहा महिन्यांत एकदा तोंड दाखवून आले की झाले, हा समज मात्र फसवा आहे. खरे घर कोठे आहे, हे अधिकारी पाहतात. म्हणून अमेरिकेतील घर व बँक खाते चालू ठेवावे आणि प्राप्तिकर विवरणपत्र रहिवासी म्हणूनच भरावे. नागरिकत्वासाठी लागणारे सलग वास्तव्य सहा महिन्यांहून अधिक गैरहजेरीने खंडित झाल्याचे गृहीत धरले जाऊ शकते आणि परवान्यानेही ते टळत नाही.

परवान्याविना वर्ष उलटल्यास अमेरिकी दूतावासाकडे परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागावा लागतो. विलंब आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे तेथे सिद्ध करायचे असल्याने रुग्णालयाचे कागद जपावेत. विमानतळावर आय-४०७ हा ग्रीन कार्ड स्वेच्छेने सोडल्याचा अर्ज पुढे केला गेला, तरी सहीची सक्ती नसते. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडता येते.