आधी कूलर बंद, मग फँटम चालू

कंडेन्सर माइक म्हणजे केबलमधून पाठवलेल्या ४८ व्होल्टच्या ‘फँटम’ विजेवर चालणारा, बारीक आवाजही टिपणारा माइक. त्याच्या खोक्यावर ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ (खोल खर्जापासून अगदी टिपेपर्यंत) असं छापलेलं असतं आणि नवा माणूस तिथंच भुलतो. त्या आकड्यापुढं अधिक-उणे किती डेसिबल हे दिलेलं नसेल, तर त्याला काही अर्थ नाही. तळाला, म्हणजे खर्जात, १० डेसिबलनं घसरलेला माइकही स्वतःला २० हर्ट्झचा म्हणवून घेतो. कुठल्या हर्ट्झला माइक किती ऐकतो, याचा आलेख मागा. आणि तो आलेख खरंच रुंद, सपाट निघाला तर आधी खोलीकडं बघा. असा माइक गायकाचा गळा ऐकतो तसाच कूलर, शेजारच्या बोअरची मोटार, गल्लीतला ट्रॅक्टरही ऐकतो. यातलं काय हवं नि काय नको, हे त्याच्या गावीही नसतं.

आपल्याकडं बहुतेक जण फसतात ते कूलरच्या घरघरीपाशी. तिचा मोठा भाग २०० हर्ट्झच्या खाली असतो. लॅपटॉपचे स्पीकर तिथं धड पोचत नाहीत, सैल बसलेला इअरफोनही तळ गाळूनच ऐकवतो. त्यामुळं रेकॉर्ड करताना सगळं स्वच्छ वाटतं. पुढं आवाज भरीव करायला सॉफ्टवेअरमधला कंप्रेसर लावला, की तो मोठे सूर दाबून बाकी सगळं वर उचलतो आणि दोन शब्दांच्या फटीतून घरघर डोकं काढते. मग नॉइज रिमूव्हलचं बटण. ते घरघरीसोबत गळ्याचा तळही खरवडून नेतं आणि माणूस रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो. शेवटी खापर माइकवर, आणि दुप्पट किमतीचा माइक घरात. तोही तीच घरघर पकडतो, उलट जास्त नीट. या बटणाच्या भरवशावर रेकॉर्डिंग करायला शिकवणाऱ्या गुरूपासून चार हात लांब राहा. त्यापेक्षा भजनी मंडळातल्या तबलजीशेजारी महिनाभर बसा. हातोडीच्या एकेका ठोक्यानं सूर कुठं सरकतो ते कानाला कळायला लागलं, की घरघरही आपोआप ऐकू येते.

तपासणी सोपी आहे. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये २४ बिट ठेवा, नेहमीच्या आवाजात बोलून मीटरवरची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास येतील इतकाच गेन (माइकचा आवाज वाढवणारं बटण) द्या. मग गेनला हात न लावता ६० सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करा. ही शांतता उणे ६० च्या खाली असेल तर कामाला लागा. उणे ४५ च्या वर असेल तर एकेक वस्तू बंद करत पुन्हा मोजा: कूलर, पंखा, फ्रिज, चार्जर. स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे, हे दाखवणाऱ्या चित्रात) ५० आणि १०० हर्ट्झवर सुईसारखी टोकं दिसली तर दोष बहुधा विजेचा. लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवल्यावर ती गेली, की अर्थिंग बघा. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मातीचा रोध वाढतो, म्हणून त्यात पाणी ओतत राहावं लागतं. खडबडीत वीज देणाऱ्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करूच नका.

कूलरविना मे महिन्यात खोलीची भट्टी होते, मान्य. वीस-वीस मिनिटांचे टेक घ्या, मध्ये दार उघडा. पण कूलर बंद केल्या केल्या माइक बाहेर काढू नका, कारण ती हवा ओली असते. माइकमधला डायफ्राम (आवाजानं थरथरणारा पातळ पडदा) आणि मागची प्लेट यांच्यात जेमतेम केसाच्या जाडीएवढी फट असते. तिथं ओल शिरली की विद्युतभार गळतो आणि फट्-फट् आवाज येतात. घाबरू नका, माइक मेलेला नसतो. सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवला की बहुतेक वेळा ताळ्यावर येतो. पावसाळ्यात तर त्याचा मुक्काम डब्यातच.

दहा बाय दहाची खोली, छतही दहा फुटांवर, असं असेल तर जागा अवघड. तिन्ही बाजूंनी ५६ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या दुपटीला घुमारा जमतो, मंद्रातला एखादाच सूर फुगतो. मधोमध बसू नका, एका भिंतीपासून पावणेचार फूट धरा. गायकाच्या पाठीमागं कापसाची गादी किंवा जाड वाकळ भिंतीपासून चार बोटं सोडून टांगा. अंड्यांचे ट्रे मात्र चिकटवू नका. ते जेमतेम वरच्या पट्टीतलं थोडं शोषतात आणि पेट घेतात ते वेगळंच. वाकळही तळाचा घुमारा थांबवत नाही. त्यासाठी जागा बदलणं हाच स्वस्तातला उपाय.

तोंड माइकपासून वीतभर, मध्ये पॉप फिल्टर (‘प-फ’ची फुंकर अडवणारी जाळी). मंडपात माइक ओठाला लावायची सवय इथं सोडा, कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक जवळून तळ फुगवतो. बोलण्याला ८० हर्ट्झखालचं गाळणारा फिल्टर चालू ठेवा, डग्ग्याला बंद. हलगी-संबळ असेल तर माइक तीन फूट मागं आणि आवाज १० डेसिबलनं उतरवणारा पॅड.

फँटमचा क्रम पाठ करा: गेन शून्य, मॉनिटर (ऐकायचे स्पीकर) बंद, एक्सएलआर (माइकची तीन टोकांची) केबल जोडा, मग ४८ व्होल्ट. पाच मिनिटं माइक स्थिरावू द्या. थेट लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात जाणारी वायर माइकच्या किटमध्ये मिळते, तिच्यातून ४८ व्होल्ट येत नाहीत; खरा कंडेन्सर तिच्यावर चालणार नाही. काढताना फँटम आधी बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि मगच केबल ओढा.