गुडघ्याच्या वाटीचं ऑपरेशन झालंय? कुत्र्याला घरी असं सांभाळा

पॉमेरेनियन, चिवावा, टॉय पूडल अशा छोट्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी आतल्या बाजूला सरकते. चार पावलं नीट, मग एक पाय उचलून उडी, ही त्याची ओळखीची चाल. ऑपरेशनमध्ये डॉक्टर मांडीच्या हाडातली खाच खोल करतात, आणि गरज पडली तर नडगीच्या हाडाचा वरचा उंचवटा थोडा सरकवून पिनांनी बसवतात. ते हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात.

आधी फरशीचं बघा. जुन्या वाड्यातली खरबरीत शहाबादी एकवेळ परवडली. नव्या फ्लॅटमधल्या चकचकीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात. पाण्याच्या भांड्यापासून झोपायच्या जागेपर्यंत रबरी मॅट किंवा योगा मॅट अंथरा. नुसती सतरंजी नको, ती कुत्र्यासकट घसरते. पंजाखालचे वाढलेले केस आणि नखं कापून घ्या.

पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दिवसातून तीनदा, १० मिनिटं. गोळ्या वेळेवर. घरातली क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम चुकूनही देऊ नका, विषबाधा होते. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, तोवर गळ्यातली कॉलर (जखम चाटू नये म्हणून घातलेला शंकू) काढायची नाही, कितीही केविलवाणं बघितलं तरी. शू-शीला नेताना पोटाखालून टॉवेलची झोळी धरा. लिफ्ट नसेल तर जिने सरळ कडेवर.

खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात. दुखणं कमी झालेलं असतं, हाड मात्र जुळलेलं नसतं. दाराची बेल वाजते, गडी सोफ्यावरून झेपावतो आणि सगळी मेहनत पणाला लागते. म्हणून सोफा बंद, पलंग बंद, आणि घरात कुणी लक्ष ठेवायला नसेल तेव्हा पिंजरा किंवा अडसर लावलेला कोपरा. फिरणं पट्ट्यावरच, ५ मिनिटांपासून. वाढवायचं ते डॉक्टर सांगतील तसं. तळजाईच्या टेकडीवर मोकळं सोडण्याची घाई करू नका.

वाटी जागेवर आहे का, हे टाके निघाल्यावर आणि डॉक्टरांनी एकदा हात धरून दाखवल्यावरच बघा. कुत्र्याला कुशीवर झोपवा, पाय सैल पडू द्या. नडगीच्या वरच्या उंचवट्यावर बोट ठेवून दोरीसारखा लागणारा पट्टा धरून हळूच वर या. वाटाण्याएवढा टणक गोळा लागेल, तीच वाटी. आता गुडघा सावकाश वाकवा, सरळ करा. वाटी मधोमध, सरळ रेषेत वरखाली जायला हवी. ती बाजूला ढकलून बघण्याचा मोह टाळा, ते काम डॉक्टरांचं.

किंचित सैलपणा राहिला म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. तो किती चालेल ते तपासणीत कळतं. पण टेकवायला लागलेला पाय अचानक उचलून धरला, सूज वाढली, टाक्यातून पाणी किंवा पू आला, किंवा जेवण सोडलं, तर त्याच दिवशी दवाखाना.

एक्स-रेच्या तपासणीला जाताना घरच्या चालीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, मागून एक आणि बाजूने एक. दवाखान्यात घाबरून बरीच कुत्री अशी ताठ चालतात की लंगडणं दिसतच नाही.