एचआरटी चालू असताना शुगर सांभाळताय? मग या चुका टाळा

शुगर वाढली की बायकांना दोष द्यायला पहिली सापडते ती एचआरटी, म्हणजे पाळी जाताना कमी होणारी हार्मोन्स गोळी, पॅच किंवा जेलने भरून काढायचे उपचार. चालणं कधीच सुटलेलं असतं, झोपेचं खोबरं झालेलं असतं, पोटाचा घेर वाढलेला असतो, पण त्वचेवर चिकटवायचा पॅच नेमका गेल्याच महिन्यात सुरू झालाय ना, मग गुन्हेगार तोच! डायबिटीसच्या पेशंटना शिकवण्याचं काम करते, त्यामुळे हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्य मीच म्हणून टाकते.

विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अमेरिकी अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या हार्मोनसारखं काम करणारं औषध) अशा एकत्र गोळ्या घेणाऱ्या बायकांपैकी सुमारे साडेपाच वर्षांत ३.५ टक्के बायकांना नव्याने डायबिटीस झाला. औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण ४.२ टक्के होतं. फरक लहान आहे, पण तो एचआरटीच्या बाजूचा आहे. लगेच दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. शुगर टाळायची म्हणून एचआरटी कुणी घेत नाही आणि घेऊही नये.

प्रत्येक घामाला लो शुगर समजणं

माझी सगळ्यात नावडती चूक. एक बाई फाइल टेबलावर आपटतच बसल्या. एचबीए१सी, म्हणजे सरासरी शुगर दाखवणारा आकडा, ७.१ वरून ८.४ वर गेलेला. "मॅडम, पॅचमुळे शुगर चढायला लागली, म्हणून मीच तो काढून टाकला."

"मग उतरली का?"

"कुठली! आणखीच वाढली."

खोदून विचारल्यावर उलगडा झाला. रात्री घामाघूम होऊन जाग यायची, छातीत धडधडायचं. त्या ग्लिमेपिराइडवर, म्हणजे शुगर कधीकधी फार खाली नेणाऱ्या डायबिटीसच्या गोळीवर होत्या आणि शुगर उतरली तर ग्लुकोज घ्या, असं त्यांना कुणीतरी बजावलं होतं. तेवढंच लक्षात राहिलं. घाम आला की ग्लासभर ग्लुकोजचं पाणी, कधी एका रात्रीत दोनदा. पॅच काढल्यावर वाफा, म्हणजे पाळी जाताना अंगात अचानक चढणारी उष्णता, दुपटीने यायला लागल्या आणि ग्लासही वाढले. "तेव्हा शुगर किती होती?" असं विचारलं तर म्हणाल्या, "एवढा जीव घाबरा झाल्यावर मोजत कोण बसतं?"

ग्लुकोमीटर उशाशी ठेवायला लावला. पुढच्या भेटीला वही आली. बहुतेक आकडे १३० ते १६०च्या घरात, म्हणजे त्या निव्वळ वाफा होत्या. पण एका पहाटेचा आकडा होता ६२. ती खरी लो शुगर. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडचा डोस कमी केला, पॅच परत सुरू केला आणि ग्लासांचा विषय संपला.

वाफ छातीतून चेहऱ्याकडे चढते, लो शुगरला थंड घाम, थरथर आणि भूक असते, हे सगळं खरं. पण रात्री तीन वाजता अर्धवट झोपेत लक्षणांवरून निदान करू नका. हात धुवा, बोट टोचा. आकडा ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि मीटर हाताशी नसेल किंवा मोजणं जमत नसेल, तर मात्र आधी ग्लुकोज, नंतर चौकशी. फक्त मेटफॉर्मिनवर असाल तर शुगर एवढी उतरणं विरळा.

प्रोजेस्टेरॉन परस्पर बंद करणं

"प्रोजेस्टेरॉनने शुगर वाढते असं वाचलं, म्हणून नुसतं इस्ट्रोजेनचं जेल लावते." हे ऐकलं की माझा रक्तदाब वाढतो. गर्भाशय जागेवर असताना एकटं इस्ट्रोजेन घेतलं तर आतलं अस्तर जाड होत जातं आणि त्यातून कॅन्सरचा धोका वाढतो. डायबिटीस आणि लठ्ठपणामुळे तो धोका मुळात जास्त असतोच. काही जुनी प्रोजेस्टिन्स इन्सुलिनच्या कामात थोडी आडवी येतात हे खरं, पण त्यावर उपाय प्रकार बदलण्याचा आहे. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन किंवा डायड्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या प्रकारांबद्दल डॉक्टरांना विचारा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्तस्राव दिसला तर थांबू नका, लगेच दाखवा.

एचबीए१सीवर डोळे झाकून विश्वास

पाळी जाण्याच्या आधीच्या काळात अनेकींना अंगावरून खूप जातं. लोह कमी झालं की एचबीए१सी खोटं जास्त येऊ शकतं. नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर खोटं कमी. मी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट शेजारी ठेवल्याशिवाय तो आकडा वाचतच नाही. मेळ बसला नाही तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांनीची शुगर बघावी. आणि पॅच लावून पंधरा दिवसांत एचबीए१सी करून येणाऱ्यांना काय सांगायचं? ती दोन-तीन महिन्यांची सरासरी आहे, तेवढा धीर धरा.

बाकीच्या थोडक्यात.

एचआरटी सुरू करण्याआधीची शुगर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि कंबरेचं माप लिहून न ठेवणं. मग तुलना कशाशी करणार?

ट्रायग्लिसराइड्स आधीच जास्त असताना गोळीचाच हट्ट धरणं. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि ट्रायग्लिसराइड्स वाढवतं. रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही गोळीने वाढतो. पॅच किंवा जेलचा विचार आधी व्हावा.

इन्सुलिन टोचता त्याच जागी पॅच चिकटवणं. जागा वेगळ्या ठेवा.

शुगर आणि वजन कमी करणारं टिर्झेपॅटाइडचं इंजेक्शन सुरू केल्याचं स्त्रीरोगतज्ज्ञांना न सांगणं. त्याने पोट सावकाश रिकामं होतं, गर्भनिरोधक गोळ्यांचं शोषण कमी होतं. तोंडाने प्रोजेस्टेरॉन घेत असाल तर हे त्यांना कळायलाच हवं.

योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम शुगरच्या भीतीने बंद करणं. ते रक्तात नगण्य उतरतं. तिथली खाज थांबत नसेल आणि एम्पाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीतून साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल, तर कोरडेपणा समजून क्रीम वाढवण्याआधी बुरशीची तपासणी करून घ्या.