डेस्कटॉपला वेगवान यूएसबी पोर्ट कसे जोडावेत

यूएसबी २.० पोर्टवर बाहेरची डिस्क लावली की कॉपीचा वेग सेकंदाला ३५-४० एमबीच्या पुढे सहसा जात नाही. मदरबोर्डच्या (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डच्या) पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये यूएसबी ३.० किंवा त्यापुढचे पोर्ट असलेलं कार्ड बसवून हे अर्ध्या तासात सुधारता येतं. मात्र खोक्यावर छापलेला वेग मिळेलच असं नाही, कारण खरा वेग मदरबोर्डवरचा स्लॉट ठरवतो.

म्हणून खरेदीआधी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा आणि रिकामा स्लॉट कोणता, किती लेनचा (लेन म्हणजे डेटा नेणारी वाट; एक्स१ म्हणजे एक, एक्स४ म्हणजे चार) आणि कोणत्या पिढीचा (२.०, ३.०) आहे ते पाहा. पीसीआय एक्स्प्रेस २.० ची एक लेन सेकंदाला सुमारे ५०० एमबी नेते, ३.० ची सुमारे ९८५. तेव्हा २.० च्या एक्स१ स्लॉटमध्ये ५ जीबीपीएसचा (सेकंदाला ५ गिगाबिट, यूएसबी ३.० चा वेग) एक पोर्ट जेमतेम पुरा पडतो. चार पोर्टांचं कार्ड घेतलं तर तेवढ्यातच चौघांची वाटणी होते. १० जीबीपीएस हवं असेल तर एक्स४ कार्ड घ्या. आखूड कार्ड लांब स्लॉटमध्ये खुशाल बसतं. पण स्लॉटच्या लांबीवर विसंबू नका: एक्स१६ दिसणाऱ्या दुसऱ्या स्लॉटला आतून बऱ्याचदा चारच लेन जोडलेल्या असतात, आणि काही बोर्डांवर तो वापरला की ग्राफिक्स कार्डाच्या लेन निम्म्या होतात किंवा एखादा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायचा) बंद पडतो. फक्त साध्या हार्ड डिस्क जोडायच्या असतील तर ५ जीबीपीएस भरपूर झालं. जास्तीचे पैसे वाया जातील.

दुसरा प्रश्न विजेचा. यूएसबी ३.० चा प्रत्येक पोर्ट ५ व्होल्टवर ९०० मिलिअँपिअर, म्हणजे ४.५ वॅट देऊ शकतो. चार पोर्टांचे झाले १८. एक्स१ स्लॉटच्या १२ व्होल्ट लाइनवर मात्र ०.५ अँपिअर, म्हणजे ६ वॅटच मिळतात. त्यामुळे साटा किंवा मोलेक्स पॉवर कनेक्टर (डिस्कला वीज देणाऱ्या वायरींचे प्लग) असलेलंच कार्ड निवडा आणि एसएमपीएसची (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायची) तशी एखादी वायर मोकळी आहे ना, ते आधीच बघून ठेवा. कॅबिनेट बारीक असेल तर कार्डाला लो-प्रोफाइल (आखूड) पट्टीही लागेल.

बसवणं त्या मानाने सोपं आहे.

१. कॉम्प्युटर शटडाउन करा, पॉवर केबल काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्या.
२. बाजूचं झाकण काढा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा.
३. स्लॉटसमोरची पत्र्याची पट्टी काढा. स्क्रू जपून ठेवा.
४. कार्ड कडेने धरून सरळ खाली दाबा. सोनेरी पट्ट्या तिरक्या दिसत असतील तर काढून पुन्हा बसवा. मग स्क्रू आवळा. स्क्रू आवळताना कार्डाचं मागचं टोक वर उचललं जातं, तिकडे लक्ष असू द्या.
५. पॉवर कनेक्टर जोडा. ही पायरी सुटली तर कार्ड विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) व्यवस्थित दिसतं, पण पोर्टात डिस्क लावल्यावर ती टक-टक करून सुटते किंवा चालूच होत नाही.

विंडोज ८ आणि पुढच्या आवृत्त्यांत, तसंच लिनक्समध्ये, ड्रायव्हर आधीच असतो. विंडोज ७ ला कार्डाच्या चिपचा ड्रायव्हर टाकावा लागतो. कार्ड दिसतच नसेल तर बंद करून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा.

कीबोर्ड मदरबोर्डच्याच पोर्टला ठेवा. जुन्या बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅमला) कार्डावरचे पोर्ट ओळखू येत नाहीत. त्यामुळे बायोसच्या सेटिंगमध्ये शिरता येत नाही आणि तिथल्या पेन ड्राइव्हवरून बूटही होत नाही.

सगळं जोडूनही वेग जुनाच? केबल बदला. यूएसबी २.० ची केबल आतल्या जास्तीच्या तारांअभावी निमूटपणे जुन्याच वेगाने चालते. प्लग फार हळू सरकवला तरी जुने पिन आधी टेकतात आणि डिस्क २.० म्हणून नोंदली जाते. काढून एका झटक्यात लावा. १० जीबीपीएससाठी केबल शक्यतो एका मीटरपेक्षा लांब नको. आणि वायरलेस माउस अडखळू लागला तर त्याचा रिसीव्हर नव्या पोर्टांपासून दूर, पुढच्या बाजूला लावा: यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पसरतो.