डोंगलचा डायलर की विंडोजचा? कचेरीतल्या संगणकांसाठी

जुलैत वाळपईच्या वाटेवर झाड पडलं की तार तुटते, आणि तार तुटली की मला फोन येतो. माझं दुरुस्तीचं दुकान गोव्यात साखळीला. सत्तरी तालुक्यातल्या बऱ्याच कचेऱ्यांचे संगणक मी बघते. त्यातल्या एका हिशेबनीस काकांकडे पाच संगणक आहेत. एका पावसाळ्यात त्यांची फायबर नेमकी वीस तारखेला गेली. वीस तारीख म्हणजे जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस. काका फोनवर एवढंच म्हणाले, "आयज वीस तारीख, बाय!" कपाटात डोंगल (सिम घालून यूएसबीला लावायचा छोटा मोडेम) होता, सिमवर डेटा होता, तरी जोडणी लागायला दीड तास गेला. त्या संगणकावर दोन डायलर, म्हणजे मोडेमकडून नंबर फिरवून इंटरनेटची जोडणी लावणारी दोन सॉफ्टवेअरं होती आणि दोघांनाही तोच एक मोडेम हवा होता.

तेव्हापासून मी कचेरीत डोंगल देताना आधी डायलर ठरवते, मगच तो खोक्यातून बाहेर काढते.

पहिल्यांदा डोंगल कुठल्या जातीचा आहे ते बघा. तो लावा आणि डिव्हाइस मॅनेजर उघडा. डोंगल नेटवर्क अडॅप्टरच्या यादीत दिसला, किंवा विंडोजच्या सेटिंगमध्ये 'सेल्युलर' असं नाव आलं, तर डायल करायचं कामच नाही आणि हा प्रश्नही तुमचा नाही. मोडेमच्या यादीत दिसला तर मात्र तो जुन्या टेलिफोन मोडेमसारखाच वागणार: नंबर फिरवणार, पीपीपी या डायल-अपच्या जुन्या पद्धतीने जोडणी लावणार. मग तो नंबर फिरवणार कोण हे तुम्हाला ठरवावं लागतं. विंडोजमध्ये मुळातच असलेला डायल-अप, की डोंगलच्या पोटातून स्वतःच इन्स्टॉल होऊ बघणारं कंपनीचं सॉफ्टवेअर?

कचेरीसाठी माझं उत्तर विंडोजचा डायलर. घरच्या एका लॅपटॉपवर कंपनीचं सॉफ्टवेअर चालून जातं. कचेरीत सकाळी एक मुलगी बसते, दुपारी दुसरी, दोघींचे लॉगिन वेगळे, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड काकांच्या वहीत. मी पाहिलेल्या दोन-तीन डोंगलांचं सॉफ्टवेअर साध्या लॉगिनवर उघडतच नव्हतं. विंडोजची जोडणी बनवताना मात्र 'इतरांनाही ही जोडणी वापरू द्या' असा एक चौकोन येतो. तिथे खूण केली की कुणीही बसो, जोडणी लागते. ही खूण विसरू नका, आणि जोडणी लागली की लगेच साध्या लॉगिनवर जाऊन तपासा. अ‍ॅडमिनवर चालली म्हणजे चालली असं धरू नका.

बनवायला दहा मिनिटं पुरतात. नेटवर्क सेंटरमध्ये नवी जोडणी, त्यात डायल-अप, नंबर *९९#. नाव-पासवर्ड मी बहुतेक सिमना रिकामे ठेवते. याच्या आधी एक पायरी आहे आणि लोक ती गाळतात. कंट्रोल पॅनेलमध्ये 'फोन आणि मोडेम' उघडा, तुमच्या मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर जा. तिथे जादा कमांड लिहायची एक ओळ असते. त्या ओळीत सिमचं एपीएन (मोबाइल कंपनीच्या इंटरनेटच्या दाराचं नाव) द्यायचं: एटी+सीजीडीकॉन्ट=१, मग अवतरणात आयपी, मग अवतरणात एपीएन. बीएसएनएलच्या सिमला ते बीएसएनएलनेट. सगळं इंग्रजी अक्षरांत, आकडेही इंग्रजी, मध्ये स्वल्पविराम, पण जागा न सोडता. कंपनीचं सॉफ्टवेअर हेच काम गुपचूप करतं, म्हणून ते 'आपोआप चालतं' असं वाटतं.

ही ओळ त्या मोडेमच्या नोंदीला चिकटलेली असते. डोंगल काढून दुसऱ्या यूएसबी भोकात घातला की विंडोज बहुतेक वेळा त्याला नवा मोडेम समजतं, नावापुढे #२ लावतं, आणि तुमची ओळ जुन्या नोंदीपाशीच राहते. काकांच्या संगणकावर मी डाव्या भोकाशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, डोंगलवरही तसाच. ठिपक्याला ठिपका लावायचा, हे तिथल्या दोन्ही मुलींना आता पाठ आहे.

आता त्या वीस तारखेची गोष्ट. विंडोजचा डायलर ६३३ क्रमांकाची चूक दाखवत होता, म्हणजे मोडेम आधीच दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे. खाली घड्याळाजवळ कंपनीच्या सॉफ्टवेअरचं चिन्ह होतं. मागे कुणीतरी डोंगल लावताना 'यस' दाबलं होतं आणि ते रोज संगणकाबरोबर सुरू होऊन मोडेमचं पोर्ट, म्हणजे त्याच्याशी बोलायची वाट, अडवून बसत होतं. ६३३ दिसलं की आधी त्या कोपऱ्यात बघा. ६९१ दिसलं तर नाव-पासवर्ड बघा, ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. अशा वेळी मी सिम, रेंज आणि एपीएन या क्रमाने जाते. कंपनीच्या सॉफ्टवेअरवर बऱ्याचदा नुसतं 'जोडणी झाली नाही' एवढंच येतं. विंडोजचा आकडा फोनवर ऐकून मला साखळीत बसल्या बसल्या इलाज सांगता येतो. माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठं कारण आहे.

कंपनीचं सॉफ्टवेअर ठेवावं अशीही कामं आहेत. सिमवर आलेला ओटीपी संगणकावरच वाचायचा असेल, शिल्लक बघायची असेल, टूजी-थ्रीजी-फोरजीमधलं एकच धरून ठेवायचं असेल, तर विंडोजच्या डायल-अपमध्ये ती सोय नाही. रेंज बघायलाही लोक तेच ठेवतात. त्यासाठी मी पुट्टी (मोडेमला थेट कमांड लिहून पाठवायचा प्रोग्रॅम) वापरते: मोडेमच्या पोर्टला जोडायचं, एटी+सीएसक्यू लिहायचं, उत्तरात ० ते ३१ मधला आकडा येतो. जेवढा मोठा तेवढी रेंज चांगली. ९९ आलं तर डोंगललाच काही कळत नाहीये. काकांकडे तिजोरीजवळ ८ येत होते, खिडकीशी १७. तीन मीटरची यूएसबी केबल घेतली आणि डोंगल खिडकीला टांगला. बघून झाल्यावर पुट्टी बंद करा, नाहीतर पुन्हा ६३३.

पाचही संगणकांना एकाच डोंगलवरून इंटरनेट द्यायचं असेल तर जपून. विंडोजचं कनेक्शन शेअरिंग चालू केलं की त्या संगणकाचा लॅनवरचा, म्हणजे कचेरीच्या आतल्या जाळ्यातला, पत्ता बदलून १९२.१६८.१३७.१ होतो. प्रिंटरला हाताने दिलेला पत्ता वेगळ्या मालिकेत असेल तर त्या संगणकावरून छपाई थांबते. विवरणपत्र भरायला एकच संगणक पुरतो, तर शेअरिंगला हात लावू नका. खरंच पाचही हवेत तर डोंगल लावता येईल असा राउटर घ्या.

लिनक्सवरही तोच सल्ला: नेटवर्क मॅनेजर आणि त्याच्यासोबतचा मोडेम मॅनेजर वापरा. वरून डब्ल्यूव्हीडायल (wvdial, लिनक्सचा वेगळा डायलर) घातलात तर मोडेम मॅनेजर थांबवा, दोघे एकाच पोर्टात हात घालतात.

हे भांडण जुनंच आहे. विंडोज ३.१ मध्ये इंटरनेटचा डायलर नव्हताच, ट्रम्पेट विनसॉक नावाचं सॉफ्टवेअर वरून घालावं लागे. १९९५ मध्ये विंडोज ९५ स्वतःचा डायल-अप घेऊन आलं, तरी इंटरनेटच्या काही सीडी विनसॉकची फाइल आपल्या फाइलने बदलून टाकत आणि चालती जोडणी मरे. मी हे काम शिकले ते त्या फाइली परत जागेवर ठेवत.

शेवटी काढून टाकण्याबद्दल. विंडोजचा डायलर ठरला म्हणून कंपनीचं सॉफ्टवेअर लगेच अनइन्स्टॉल करू नका. पुष्कळदा त्याच्याबरोबर मोडेमचा ड्रायव्हरही जातो. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत त्याला डिसेबल करा, संगणक बंद करून चालू करा, घड्याळाजवळचं चिन्ह गेलं का बघा, मग डायल करा. हे मे महिन्यात करा, फायबर चालू असताना तिची केबल काढून. काकांकडे मी आता दर मे महिन्यात जाते.