गोव्याला नाचायला जाताय, तर खिशात इअरप्लग टाकून जावा

शनिवारी दुपारी जांबोटी रोडला उभारून बघा, केए-२२ च्या, म्हणजे आपल्या बेळगावच्या, किती गाड्या चोर्ला घाटातनं गोव्याकडं सुटलेल्या असतात ते. बेळगावात रात्रभर नाचायचं म्हणजे एकतर वरात नाहीतर गणपतीचा डीजे, त्यामुळं टेक्नो, हाऊस, सायट्रान्स असलं इलेक्ट्रॉनिक डान्सचं म्युझिक ऐकायचं असलं की आपला रस्ता वागातोर-हणजूणचाच. मी पण बरीच वर्षं हेच करत आलोय आणि सुरवातीची चार वर्षं तर कान म्हणून काय असतंय हे डोक्यात पण नव्हतं.

मग एकदा पहाटे परत येताना कणकुंबीला चहाला थांबलो, टपरीवाला काहीतरी विचारतोय आणि मी नुसता त्याच्या तोंडाकडं बघत बसलोय, दोस्त म्हणाला अरे मर्दा साखर किती विचारायलेत. सगळे हसले, मी पण हसलो. घरी येऊन पडलो तर पंखा बंद, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि डाव्या कानात बारीक सुंईईई, लांब कुणीतरी कुकर चढवून विसरून गेल्यासारखं. डावाच का, तर रात्रभर स्पीकर डाव्या हाताला होता. सोमवारी ते गेलं, पण रविवारचा तो अख्खा दिवस मी कधी विसरणार नाही.

ती शिट्टी म्हणजे काय, तर आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो, त्यात साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात, आवाजाचं मेंदूला कळेल असं सिग्नल त्या करतात. मोठ्या आवाजानं त्या दमतात, थोड्या दमल्या तर एक-दोन दिवसात सावरतात, मेल्या तर मेल्या, माणसात त्या परत उगवत नाहीत. आणि शिट्टी गेली म्हणजे सगळं पूर्वीसारखं झालं असं पण नसतंय, नुकसान आत साठत जातंय.

आता हिशोब बघा, सोपा आहे. ८५ डेसिबलला ८ तास ही दिवसाची मर्यादा धरतात, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. क्लबात स्पीकरजवळ १००-११० सहज असतंय. म्हणजे पहिला ड्रॉप, गाण्यात बीट जोरात सुटतो तो क्षण, यायच्या आत तुमचा दिवसाचा कोटा संपला, आणि तुम्ही तर चार तास उभारणार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवलीय, पण ती मर्यादा म्हणजे पण कानाला आराम नाहीच. फोनवर डेसिबल मोजायचं ॲप टाका, आकडा थोडा इकडंतिकडं असतो पण अंदाज येतो. ॲप नको असलं तर हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलायला लागतंय का बघा, लागलं की प्लग घालायचे, झालं.

कुठले प्लग? माझे मामा उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, त्यांनीच मला पहिली जोडी दिली, दोरीवाली नारंगी फोमची. सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात असले प्लग एकदम स्वस्तात मिळतात. गंमत म्हणजे हेच मामा कारखान्यात दिवसभर प्लग घालणार आणि मिरवणुकीत मात्र बेसच्या भिंतीपुढं रिकाम्या कानानं नाचणार, जणू गणपतीचा आवाज कानाला लागतच नाही.

पाकिटावर एनआरआर २९ असं काहीतरी असतंय, म्हणजे प्लग किती डेसिबल कमी करतो त्याचा आकडा, पण तेवढं सगळं मिळेल असं धरू नका. त्यातनं ७ वजा करायचे आणि निम्मं करायचं, म्हणजे ११. १०३ डेसिबलला साडेसात मिनिटं परवडत होती, ११ कमी झाले की ९२ राहिले, म्हणजे दीड तासाच्या वर मिळाला. नीट बसवले तर याच्यापेक्षा जास्तच मिळतंय, आणि बहुतेक जण नीट बसवतच नाहीत, नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवतात.

तर बसवायचं असं. हात पुसून घ्या, प्लग बोटात धरून सुरकुती न पाडता वळा, उदबत्तीपेक्षा जरा जाड होईपर्यंत. मग उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरनं नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढा, भोक सरळ होतं, पटकन आत सरकवा आणि बोट लावून २०-३० सेकंद तसंच धरा. फोम फुगत जातो तसा आवाज लांब जातो, ते कळतंय. आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला तर बरोबर बसलाय. हे सगळं दाराबाहेर, गाडीतच करायचं, आत लाईट चमकायलेत, हातात ग्लास, तिथं होत नाही.

फोमची एक खोड आहे, तो उंच पट्टीचे आवाज जास्त खातो आणि गाणं गोधडीतनं ऐकल्यासारखं होतंय. म्हणून दर महिन्याला जाणारे असाल तर म्युझिकवाले फिल्टरचे सिलिकॉन प्लग घ्या, १५-२० डेसिबल बऱ्यापैकी सारखे कमी करतात, हाय-हॅट, म्हणजे ड्रमच्या झांजेचा आवाज, पण कळतो आणि शेजारचा काय बोलतोय ते उलट जास्त स्पष्ट ऐकू येतं. बेस काय, तो छातीत वाजतो, त्याला कोण अडवत नाही. कापूस, टिश्यू याचा उपयोग जवळजवळ नाहीच.

उभारायचं पण शहाणपणानं. स्पीकरच्या तोंडापुढं नको, मागं सरका, उघड्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, बंद हॉलात भिंतींमुळं तेवढे नाही. तासाला दहा मिनिटं बाहेर निघा. दारू चढली की आवाज किती मोठा झालाय तेच कळत नाही, म्हणून पिण्याआधी प्लग. गोव्यातच पाळोळेच्या बीचवर हेडफोन पार्टी असतात, सगळ्यांनी हेडफोन लावून नाचायचं, रात्री १० नंतर स्पीकरवर बंदी म्हणून निघालेली आयडिया, तिथं व्हॉल्यूम आपल्या हातात, मला तर भारी वाटतात, पण हेडफोन फुल करून नाचलात तर मग तेच. आणि घाटात परत येताना गाडीतला स्टिरिओ बंद ठेवा की, कानाला निदान एक दिवस सुट्टी द्या.

शिट्टी दोन दिवसात गेली नाही, किंवा एक कान अचानक बंद झाला, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठा, अचानक गेलेल्या ऐकण्याला औषध लवकर सुरू झालं तरच चांगला चान्स असतो. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करायला सांगा, आवाजानं झालेलं नुकसान बहुतेक ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडल्यासारखं दिसतं. घरी मात्र आजी लसूण घातलेलं कोमट तेल घेऊन बसलेलीच असणार, तिला प्रेमानं नाही म्हणा, ते आतल्या कानापर्यंत पोचतच नाही.

फोमचे प्लग मळले की टाकून द्या, सिलिकॉनचे साबणपाण्यानं धुवा. आणि गाडीत दोन-तीन जोड्या जास्त ठेवा, कारण वागातोरला उतरल्यावर जो सगळ्यात जास्त चेष्टा करत असतो तोच तासाभरानं हात पुढं करून विचारतो, आणि एक जोड हाय काय रे?